प्रवासात भेट, परतल्यावर सही

कामानिमित्त दुसऱ्या शहरात जायचं ठरलं की तिकीट आणि हॉटेल यांच्याबरोबर आम्ही तिसरी एक गोष्ट पाहून ठेवतो. तिथे आपल्या प्रकल्पातलं कोण राहतं, आणि त्याच्या किल्लीवर, म्हणजे त्याची ओळख सांगणाऱ्या डिजिटल किल्लीवर, आपली सही झालेली आहे का? आम्ही म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरची पॅकेजं सांभाळणारी मंडळी. वर्षानुवर्षं एकमेकांचे पॅच (कोडमध्ये सुचवलेले बदल) तपासलेले असतात, मेलिंग लिस्टवर कडाक्याचे वाद घातलेले असतात, पण चेहरा पाहिलेला नसतो. कमिटखालचं (कोडमध्ये नोंदलेल्या बदलाखालचं) नाव, तिथला ईमेल आणि ती जीपीजी किल्ली (डिजिटल सही आणि कूटबद्ध मजकुरासाठीची, खासगी आणि सार्वजनिक अशा दोन भागांची) एकाच माणसाची आहे, हे समोरासमोर बसल्याशिवाय पक्कं होत नाही. त्या बसण्याला वीस मिनिटं पुरतात. तयारीला मात्र दोन संध्याकाळी लागतात आणि परतल्यावर आणखी एक. भेट वाया गेली, तर ती जवळजवळ नेहमी या तिघींपैकी एखादी चुकवल्यामुळे जाते.

एवढा खटाटोप कशासाठी, तर या प्रकल्पांमध्ये अधिकार किल्लीला असतो. डेबियन या लिनक्सवर आधारित मुक्त प्रणालीचा सर्व्हर पॅकेज स्वीकारताना माणूस पाहत नाही, सही पाहतो. सदस्याला जुनी किल्ली काढून नवी लावायची असेल, तर नव्या किल्लीवर किमान दोन सदस्यांच्या सह्या असाव्या लागतात. २०१४ मध्ये डेबियनने १०२४ बिटांच्या जुन्या किल्ल्या १ जानेवारी २०१५ पर्यंत काढायचं जाहीर केलं. आसपास दुसरा सदस्यच नाही अशा ठिकाणी राहणाऱ्यांसाठी ते फार कठीण गेलं, कारण नवी किल्ली बनवायला दहा मिनिटं लागतात, पण तिच्यावर सही करणारी दोन माणसं प्रत्यक्ष गाठावी लागतात. लिनक्स कर्नलचं, म्हणजे त्या प्रणालीच्या गाभ्याचंही तसंच. कर्नल डॉट ऑर्ग या त्याच्या संकेतस्थळाच्या सर्व्हरांत घुसखोरी झाल्याचं ऑगस्ट २०११ मध्ये उघड झालं, आणि त्यानंतर तिथलं खातं मिळवायला इतर डेव्हलपरांच्या सह्या असलेली किल्ली लागू लागली.

पहिली संध्याकाळ स्वतःच्या किल्लीची. आधी तिची मुदत पाहायची. भेट झाली, समोरच्याने मनापासून तपासलं, आणि तो सही करायला बसला तेव्हा आपली किल्ली मुदतबाह्य निघाली, असं खूप वेळा होतं. मुदत वाढवल्याने फिंगरप्रिंट, म्हणजे किल्ली ओळखण्याचा अंक-अक्षरांचा ठसा, बदलत नाही, कारण फिंगरप्रिंट सार्वजनिक किल्लीचा मजकूर आणि ती बनवल्याची वेळ यांवरून निघतो. मुदत ही त्यावर नंतर केलेल्या सहीत असते. म्हणून प्रवासाच्या तारखेपासून वर्षभर तरी मुदत शिल्लक राहील अशी वाढवून ठेवावी आणि नवी प्रत कीसर्व्हरवर (सार्वजनिक किल्ल्यांच्या खुल्या साठ्यावर) चढवावी. मग यूआयडी (किल्लीला जोडलेली नावं आणि ईमेल) पाहायचे. सोडलेल्या नोकरीचा ईमेल अजून यूआयडीत असेल, तर तो रद्द करावा. त्या पत्त्यावर मेलने गेलेली सही आपल्याला कधीच मिळणार नाही, आणि पाठवणाऱ्याला वाटेल काम झालं. नावाचंही बघा. ओळखपत्रावर पूर्ण नाव आणि किल्लीवर फक्त टोपणनाव असेल तर काटेकोर माणूस सही करणार नाही, आणि ते बरोबरच आहे. ओळखपत्राशी जुळणाऱ्या नावाचा एक यूआयडी आधीच जोडून ठेवला तर समोरच्याला अवघडल्यासारखं होत नाही.

त्यानंतर भेटीत हाती द्यायच्या चिठ्ठ्या. डेबियनच्या साइनिंग-पार्टी या पॅकेजमध्ये एक छोटी आज्ञा आहे. ती एका कागदावर बसतील तेवढ्या एकसारख्या चिठ्ठ्या मांडून देते. कात्रीने कापायच्या. चिठ्ठीवर किल्लीचा प्रकार आणि लांबी, बनवल्याची तारीख, सगळे यूआयडी आणि पूर्ण फिंगरप्रिंट असतो. आज चालू असलेल्या बहुतेक किल्ल्या चौथ्या आवृत्तीच्या आहेत. त्यांचा फिंगरप्रिंट १६० बिटांचा, म्हणजे चार-चारच्या दहा गटांत छापलेली ४० अक्षरं. छापताना सर्व अक्षरं सारख्या रुंदीची असलेला टाइप घ्यावा, नाहीतर बी आणि ८, डी आणि ० यांत गफलत होते. हा फिंगरप्रिंट स्वतःच्या मशीनवरच्या, खासगी किल्लीसोबतच्या प्रतीवरून घ्यायचा. कीसर्व्हरवर स्वतःचं नाव शोधून समोर आलेल्या किल्लीवरून कधीच नाही. तुमच्या नावाची किल्ली तिथे कुणीही चढवू शकतो.

फिंगरप्रिंटची शेवटची आठ अक्षरं, म्हणजे जुना छोटा आयडी, चिठ्ठीवर एकटा छापू नये आणि कुणाकडून घेऊही नये. तो फक्त ३२ बिटांचा असतो, आणि तेवढी आठ अक्षरं जुळणारी दुसरी किल्ली साध्या ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत बनवता येते, हे २०१४ मध्येच करून दाखवलेलं आहे. २०१६ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स आणि इतर कर्नल डेव्हलपरांच्या नावाने, त्यांच्याच छोट्या आयडीच्या बनावट किल्ल्या कीसर्व्हरवर दिसल्या होत्या.

वीस-तीस चिठ्ठ्या सोबत असू द्याव्यात. त्या पाकिटात मावतात, आणि नेमकं कोण भेटेल हे आधी सांगता येत नाही.

दुसरी संध्याकाळ माणसं शोधण्याची. डेबियनच्या विकीवर कोणत्या शहरात कोण सही द्यायला तयार आहे, याचं देशवार पान आहे. ते जुनं झालेलं असतं, म्हणून नाव मिळालं की गेल्या वर्षभरातलं त्याचं काम पाहावं. प्रकल्पाच्या यादीवर (मेलिंग लिस्टवर) थेट विचारलेलंही चालतं. पण सगळ्यांत चांगलं म्हणजे ज्याच्याशी काही अडलेलं काम आहे अशा माणसाला लिहावं. सहीबरोबर तेही मार्गी लागतं. निरोप दोन आठवडे आधी जावा आणि त्यात सगळं एकदाच असावं. आमचा मजकूर साधारण असा असतो:

«नमस्कार. मी अमुक पॅकेज सांभाळतो. मंगळवार ते शुक्रवार तुमच्या शहरात कामासाठी आहे. बुधवारी किंवा गुरुवारी संध्याकाळी सहानंतर (तुमच्या स्थानिक वेळेप्रमाणे) अर्धा तास मिळेल का? किल्ल्यांवर सह्या करू, आणि वेळ उरला तर तुमच्या अडलेल्या पॅचबद्दल बोलू. मी पासपोर्ट आणि छापील फिंगरप्रिंट आणेन, तुम्हीही आणा. तुम्हाला सोयीची सार्वजनिक जागा सुचवा, मी तिथे येतो. हा मेल माझ्या किल्लीने सही केलेला आहे.»

«स्थानिक वेळेप्रमाणे» हे शब्द गाळू नयेत. कॅलेंडरचं निमंत्रण पाठवताना लॅपटॉप अजून आपल्या घरच्या वेळेवर असतो, आणि समोरचा माणूस दोन तास आधी येऊन निघून जातो. कामाच्या प्रवासात पहिली संध्याकाळ थकव्यात जाते आणि शेवटची बैठक लांबल्यामुळे. मधली संध्याकाळच मागावी. ज्याला भेटायचं त्याला आपल्या हॉटेलच्या खोलीवर किंवा ग्राहकाच्या कार्यालयात बोलवू नये. पहिल्यांदा भेटणाऱ्याला ते अवघड वाटतं, आणि कार्यालयात पाहुण्याची नोंद करण्यातच निम्मा वेळ जातो.

एक नियम आम्ही कटाक्षाने पाळतो: मुख्य खासगी किल्ली प्रवासाला येत नाही. दुसऱ्याच्या किल्लीवर सही मुख्य किल्लीनेच होते, तिला जोडलेल्या उपकिल्लीने होत नाही, आणि मुख्य किल्ली घरी, इंटरनेटला न जोडलेल्या जागी असायला हवी. कामाचा लॅपटॉप तर कंपनीचाच असतो. त्यावर कंपनीची बॅकअप आणि देखरेखीची सॉफ्टवेअर चालू असतात, सीमेवर तो उघडून दाखवायची वेळ येऊ शकते, आणि नोकरी सोडताना तो परत द्यावा लागतो. मेल आणि कमिट यांच्यासाठी लागणाऱ्या उपकिल्ल्या हार्डवेअर टोकनवर (किल्ल्या ठेवायच्या छोट्या उपकरणावर) नेता येतात. प्रवासात तेवढं भागतं.

भेटीत लॅपटॉप न उघडणं उत्तम. चार गोष्टी टेबलावर: दोघांची ओळखपत्रं, दोघांच्या चिठ्ठ्या. आणि एक पेन, जो नेमका कुणाकडेच नसतो.

चिठ्ठी त्या माणसाच्या हातातूनच घ्यायची. «माझा फिंगरप्रिंट माझ्या संकेतस्थळावर आहे, तिथून घ्या» असं म्हटलं तर नम्रपणे नाही म्हणावं, कारण मग प्रत्यक्ष भेटीला काही अर्थच उरत नाही. छापील चिठ्ठी नसेल, तर त्याने स्वतःच्या मशीनवरून पाहून हाताने लिहावी आणि आपण ती त्याच्यासमोर गटागटाने वाचून दाखवावी. वाचताना बी, सी, डी, ई ही अक्षरं कानाला सारखी लागतात. गोंगाटात तर फारच, म्हणून तोंडी ताळ्यावर विसंबू नये. कागद दोघांच्या मधे ठेवून बोट ठेवत जावं.

मग ओळखपत्र. पासपोर्ट बरा पडतो, कारण त्याची रचना जगभर एकच आहे. आधी फोटो आणि चेहरा. फोटो आठ-दहा वर्षांपूर्वीचा असू शकतो. केस आणि दाढी सोडून कान, नाक आणि डोळ्यांमधलं अंतर पाहावं. मग नाव चिठ्ठीशी जुळवावं, मुदत पाहावी. पानाच्या तळाशी यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, प्रत्येकी ४४ अक्षरांच्या. पहिल्या ओळीत आडनाव आधी, मग दोन भरणचिन्हं (<<), मग पहिलं नाव. इथलं नाव वरच्या छापील नावापासून थोडं वेगळं दिसू शकतं, कारण टिंबं-मात्रा लावलेली युरोपीय अक्षरं इथे साध्या रोमन अक्षरांत उतरवतात. तेवढा फरक ठीक. दुसऱ्या ओळीत जन्मतारखेच्या सहा अंकांमागे एक ताळ्याचा अंक असतो, आणि तो तोंडी काढता येतो. सहा अंकांना ओळीने ७, ३, १, ७, ३, १ ने गुणायचं, बेरीज करायची, शेवटचा अंक तोच ताळ्याचा अंक. समजा ७४०८१२ आहे: ४९, १२, ०, ५६, ३, २, बेरीज १२२, म्हणून पुढचा अंक २ हवा. ताळा जुळला म्हणून पासपोर्ट खरा ठरत नाही, पण ढोबळ बनावट यात सापडते. शिवाय असं पाहताना आपण ओळखपत्रावर अर्धा मिनिट खरोखर नजर ठेवतो, आणि घाईत नेमकं तेच होत नाही.

लोक किती वरवर पाहतात, याचा धडा या समाजाला २००६ मध्ये मेक्सिकोत भरलेल्या डेबकॉन्फ या डेबियनच्या वार्षिक परिषदेत मिळाला. तिथल्या सह्यांच्या बैठकीत एका डेव्हलपरने मुद्दाम कोणत्याही सरकारने न दिलेलं ओळखपत्र दाखवलं, आणि अनेकांनी ते मान्य केलं. म्हणून अनोळखी देशाचं ओळखपत्र असेल, तर त्या देशाच्या ओळखपत्राचा नमुना भेटीआधी पाहून जावा. आणि काही समजत नसेल तर सही न करण्याचा पूर्ण हक्क आपल्याला आहे. त्यात समोरच्याचा अपमान नाही, हे स्पष्ट बोलून टाकावं.

तपासून झालं की तिथल्या तिथे चिठ्ठीच्या मागे लिहायचं: तारीख, शहर, कोणतं ओळखपत्र पाहिलं, फिंगरप्रिंट हातातून मिळाला, आणि आपली आद्याक्षरं. हे उद्यावर टाकलं की पाकिटातल्या पाच चिठ्ठ्यांपैकी कुठली तपासलेली आणि कुठली नुसतीच घेतलेली, हे कळेनासं होतं. ओळखपत्राचा फोटो काढू नये, नंबर उतरवून घेऊ नये. त्याचा सहीसाठी काही उपयोग नाही आणि तो सांभाळण्याची जबाबदारी मात्र आपल्यावर येते.

उरलेल्या वेळात कामाचं बोलावं. ज्या पॅचवर यादीवर तीन महिने उत्तरं-प्रत्युत्तरं चालली, तो एका कागदावर चौकोन आणि बाण काढून पंधरा मिनिटांत मिटतो, हे आम्हाला सहीइतकंच मोलाचं वाटतं. फक्त ठरलेलं त्याच रात्री यादीवर लिहून टाकावं. दोघांत ठरलेली गोष्ट बाकीच्यांना न कळवता कोडमध्ये गेली की प्रकल्पात अविश्वास पसरतो. आणि आपण ज्या कामासाठी आलो त्या ग्राहकाबद्दल मोघमच बोलावं. गोपनीयतेचा करार आपण केलेला असतो, समोरच्याने नाही.

परिषदेत वीस-तीस जण एकत्र भेटणार असतील तर चिठ्ठ्यांची पद्धत कोलमडते. वीस माणसांच्या १९० जोड्या होतात. अशा वेळी झिमरमन–सासमन पद्धत वापरावी. संयोजक सगळ्यांचे फिंगरप्रिंट आधी मागवून एकच मजकुराची फाइल बनवतो. प्रत्येकाने ती उतरवून छापायची, त्यातला स्वतःचा फिंगरप्रिंट तपासायचा आणि फाइलचा एसएचए-२५६ हॅश (मजकुरावरून निघणारा छोटा ठसा) काढून छापील प्रतीवर लिहायचा. बैठकीत हॅश एकदा मोठ्याने वाचतात; सगळ्यांचा जुळला म्हणजे सगळ्यांच्या हातात एकच यादी आहे. मग प्रत्येक जण «माझा फिंगरप्रिंट बरोबर» एवढंच सांगतो. शेवटी सगळे एका रांगेत उभे राहतात, रांग मधोमध दुमडतात, आणि समोर येणाऱ्याचं ओळखपत्र पाहत एक-एक पाऊल सरकतात. एका वेळी दहा जोड्या तपासल्या जातात, १९ फेऱ्यांत सगळं आटोपतं. फाइल उतरवल्यावर संपादकात उघडून जतन केली की ओळींच्या शेवटची चिन्हं बदलू शकतात आणि मग हॅश जुळत नाही. हॅश न उघडलेल्या फाइलचाच काढावा.

आता तिसरी संध्याकाळ, घरी परतल्यावरची. सर्वांत जास्त गळती इथेच होते. आम्ही आठवड्याची मुदत पाळतो, कारण त्यानंतर चिठ्ठीवरचा चेहरा आठवत नाही.

आधी किल्ली मागवायची, आणि मागवताना चिठ्ठीवरची चाळीसही अक्षरं टाइप करायची. मग सही कॅफ या आज्ञेने करायची. तीही साइनिंग-पार्टीत आहे. कॅफ प्रत्येक यूआयडीवरची सही वेगळी करते, ती त्या माणसाच्या किल्लीने कूटबद्ध करते आणि त्या-त्या ईमेलवर पाठवते. ज्याच्याकडे तो ईमेलही आहे आणि खासगी किल्लीही, त्यालाच ती उघडता येते. ओळखपत्रावरून नाव कळलं, चिठ्ठीवरून किल्ली कळली. ईमेल त्याच माणसाचा आहे हे या शेवटच्या फेरीतून कळतं. म्हणून सही करून परस्पर कीसर्व्हरवर चढवू नये. दुसऱ्याच्या किल्लीवर काय दिसावं, हे त्यानेच ठरवायचं असतं.

कॅफ फसते ती बहुधा मेलमुळे. ती मेल मशीनवरच्या मेल सर्व्हरकडे सोपवते, आणि साध्या लॅपटॉपवर तो बसवलेलाच नसतो किंवा अर्धवट बसवलेला असतो. पडद्यावर सगळं सुरळीत दिसतं, पत्रं रांगेत पडून राहतात. पहिली सही स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर पाठवून पाहावी. कॅफ स्वतःची वेगळी किल्लीपेटी ठेवते हेही लक्षात असावं. नेहमीच्या पेटीत सही दिसली नाही म्हणून लोक घाबरून पुन्हा करतात.

सही कोणत्या हॅशने होते तेही पाहावं. एसएचए-१ वापरून बनावट सही जुळवता येते, हे जानेवारी २०२० मध्ये लरां आणि पेरां या संशोधकांनी पीजीपी (जीपीजीच्याच प्रकारच्या) किल्ल्यांवरच दाखवलं. ग्नूपीजी, म्हणजे या जीपीजी किल्ल्या हाताळणारं सॉफ्टवेअर, १९ जानेवारी २०१९ नंतर केलेल्या एसएचए-१ सह्या मोजतच नाही. जुनी सेटिंग्ज फाइल वर्षानुवर्षं पुढे नेणाऱ्यांच्या सह्या म्हणूनच निरुपयोगी ठरतात. सहीसाठी एसएचए-५१२ लावून टाकावा.

उलट बाजूने, आपल्याला आलेलं पत्र उघडून त्यातली सही आपल्या किल्लीत आयात करायची आणि किल्ली पुन्हा चढवायची. इथे नव्या लोकांचा गोंधळ होतो. जून २०१९ मध्ये काही डेव्हलपरांच्या किल्ल्यांवर प्रत्येकी सुमारे दीड लाख खोट्या सह्या ओतल्या गेल्या आणि ती किल्ली आयात केली की ग्नूपीजी ठप्प होऊ लागलं. त्यावर उपाय म्हणून ग्नूपीजी २.२.१७ पासून कीसर्व्हरवरून येणाऱ्या इतरांच्या सह्या आपोआप गाळल्या जातात, आणि कीज डॉट ओपनपीजीपी डॉट ऑर्ग हा सर्व्हर तर इतरांच्या सह्या अशा थेट चढवल्या तर पुढे देतच नाही. सही हरवलेली नसते, फक्त दिसत नसते. ज्याला दाखवायची त्याला किल्लीची फाइल थेट पाठवावी, किंवा आयात करताना गाळणीचा तो पर्याय बंद करावा. कर्नलवाल्यांनी यासाठीच किल्ल्यांचं वेगळं भांडार गिट या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीत ठेवलं आहे.

या सहीला किती वजन द्यायचं, यावर आमचं मत स्पष्ट आहे. नाव, किल्ली आणि ईमेल एकाच माणसाचे आहेत, एवढंच ती सांगते. तो माणूस काय करेल हे नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट सापडली. ज्या खात्याने ती घातली त्याने दोनेक वर्षं खपून विश्वास मिळवला होता. त्या खात्यामागचं माणूस कोण, हे आजही उघड झालेलं नाही. सह्यांच्या जाळ्याने ती चोरवाट अडली असती असं आम्ही म्हणणार नाही. पण कोडची सूत्रं ज्याच्या हाती द्यायची, त्याला प्रकल्पातल्या कुणीतरी एकदा तरी समोर बसून भेटलेलं असावं, हे मात्र आम्ही आग्रहाने सांगतो.

महिनाभरात समोरच्याची सही आली नाही, तर भेटीची तारीख आणि शहर लिहून एक आठवण पाठवावी. बहुतेकदा चिठ्ठी बॅगेच्या कप्प्यात राहिलेली असते. ती हरवल्याचं कळवून त्याने मेलवर फिंगरप्रिंट मागितला, तर तसा पाठवू नये आणि आपणही कुणाकडे मागू नये. दोघांपैकी कुणाचा पुढचा प्रवास कधी आहे ते विचारून घ्यावं, आणि बॅगेत नव्या चिठ्ठ्या टाकाव्यात.